आमच्या शाळेची ओफ्रेंदा

मेक्सिको सिटीच्या कोयोआकान भागातल्या आमच्या मुलांच्या प्राथमिक शाळेत दरवर्षी ओफ्रेंदा मांडली जाते, म्हणजे गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी फोटो, फुलं आणि खाणं यांची पायऱ्यापायऱ्यांची मांडणी. २ नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या दिवशी, शाळेला सुट्टी असते, त्यामुळे मेळावा त्याच्या आधीच्या शाळेच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता भरतो. झेंड्याला मानवंदना, मुख्याध्यापिकाबाईंचं स्वागत, पालक समितीचा हिशेब हे सगळं वीस मिनिटांत उरकतं. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

खरं काम आधीचे दोन दिवस चालतं. वर्गणी गोळा होते, तिला इथे ‘कोपेराचा’ म्हणतात. फुलं आणायला पहाटे हामाइका बाजारात जावं लागतं. सेम्पासुचिल म्हणजे आपला झेंडूच, आणि तो मूळचा इथलाच. नाव नाहुआत्ल भाषेतलं, अर्थ ‘वीस फूल’, म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचं. दसऱ्याला दाराला तोरण बांधणाऱ्या मराठी हातांना त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. बरोबर गडद लाल कोंबड्याची फुलंही लागतात. एक चूक दरवर्षी कुणीतरी करतंच. पाकळ्या आदल्या रात्री तोडून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या जातात, सकाळी त्या काळपट, घामट होतात आणि वास धरतात. त्या खोक्यात वर्तमानपत्रावर पसराव्यात, आणि ओफ्रेंदापर्यंत पाकळ्यांची वाट काढायची ती शेवटच्या तासात.

पायऱ्यांसाठी भाजीवाल्यांकडची लाकडी खोकी, म्हणजे वाकालेस, उलटी रचतो. कुणी दोन पायऱ्या करतात, कुणी सात. आम्ही तीन करतो, कारण त्याहून उंच गेलं की पहिलीतल्या मुलांना वरचे फोटो दिसत नाहीत. वर बोरूची कमान. तिचे पाय वाळू भरलेल्या रंगाच्या डब्यात रोवले नाहीत तर फुलांच्या वजनाने ती पुढे झुकते. फुलं मऊ तारेने वीतभर अंतरावर बांधायची. दोऱ्याच्या गाठी सुटतात. कातरकामाचे पताका-कागद घोटीव पातळ कागदाचे असतात, ओल लागली की त्यांचा रंग उतरतो आणि पांढऱ्या चादरीवर जांभळे डाग पडतात. मेणबत्त्या काचेच्या पेल्यातल्याच घ्यायच्या, त्याही खालच्या पायरीवर, पताकांपासून लांब. पाण्याचा पेला आणि मीठ विसरायचं नाही. लांबून आलेल्याला आधी तहान लागते, असं इथल्या आज्या सांगतात. कोपाल हा झाडाचा डिंक धुपासारखा जाळतात. कोळसा वरून राखाडी झाल्यावरच त्यावर हरभऱ्याएवढा खडा टाकावा, नाहीतर काळा धूर होतो आणि पुढच्या रांगेतली मुलं खोकत बसतात.

चाम्पुर्रादो, म्हणजे मका आणि चॉकलेटचं गरम दाट पेय, तोही आमच्याच गटाकडे असतो. शंभर जणांसाठी वीस लिटर: निम्मं पाणी, निम्मं दूध, सव्वा किलो मक्याचं ‘मासा’ नावाचं पीठ, एक किलोला थोडं कमी चॉकलेट, दोन किलो पिलोन्सियो, म्हणजे शंकूसारख्या ढेपा केलेला गूळ, आणि दालचिनी. पीठ आधी गार पाण्यात कालवून गाळून घ्यायचं. गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि मग मोलिनियो, म्हणजे आपली रवी, कितीही फिरवली तरी त्या मोडत नाहीत. हे शहर २,२४० मीटर उंचीवर आहे, पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं. म्हणून उकळी आल्यावरही पंचवीस मिनिटं तळापासून ढवळत राहावं लागतं, नाहीतर पीठ कच्चं लागतं. पान दे मुएर्तो, म्हणजे या दिवसाचा खास गोड पाव, मात्र बेकरीतून येतो. घरी करणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की वरची पिठाची ‘हाडं’ करताना त्या गोळ्यात थोडा जास्त मैदा मळायचा, तरच ती भाजताना पसरत नाहीत. आणि लोणी-साखर लावायची ती पाव निवल्यावर.

मग येतात कालाव्हेरिता. जिवंत माणसावर लिहिलेल्या या कवितेत मरण त्याला न्यायला येतं आणि त्याच्या सवयींवरून त्याची खोडी काढतं. बहुतेक आठ-आठ अक्षरावयवांच्या ओळी, यमक जुळवलेल्या. छोट्या अभंगातही आठ-आठच अक्षरं असतात, म्हणून असेल, मराठी घरातल्या मुलांच्या ओळी ठेक्यात चुकत नाहीत. शिक्षक स्वतःवरची कविता ऐकून सगळ्यांत जोरात हसतात.

पण हा सगळा दिवस ज्यासाठी असतो ती वेळ त्यानंतर येते. दिवे कमी होतात. एकेक घर आपला फोटो हातात घेऊन पुढे येतं, नाव सांगतं आणि त्या माणसाला काय खायला आवडायचं ते सांगून फोटो पायरीवर ठेवतं. भाषण नाही, कौतुक नाही. आजोबांना मोलेबरोबर, म्हणजे मिरच्या-मसाल्यांच्या दाट रश्शाबरोबर, शिळी तोर्तियाच (मक्याची पातळ पोळी) लागायची. मावशी कॉफीत दालचिनीची काडी तशीच ठेवायची. आपलं एखादं मूल अडखळत्या स्पॅनिशमध्ये सांगतं, की पणजीला शेंगदाण्याची चटणी आवडायची, आणि वाटी मोलेशेजारी ठेवतं. पितृपक्षात आपण पान वाढतो, पण ते घरात. इथे शंभर माणसं त्या वाटीकडे बघत असतात, आणि नंतर कुणीतरी आजी हमखास विचारते, चटणीत लसूण किती घालता? त्या प्रश्नाने दर वर्षी गळा दाटतो. नव्या पालकांना एक गोष्ट आधीच सांगायला हवी: हयात माणसाचा फोटो ओफ्रेंदावर ठेवत नाहीत. आपल्याकडे हयात माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, तसंच हे. नाशिकच्या धडधाकट आजीचा फोटो पायरीवरून हळूच उचलावा लागतो, तेव्हा मूल बावरतं.

एक सल बोलून दाखवतो. संध्याकाळी सहाला येऊन ओफ्रेंदासमोर फोटो काढणारी मराठी घरं बरीच आहेत. पाकळ्या तोडायला आणि ३ तारखेनंतर सगळं आवरायला येतात ती दोन-तीनच. ‘इथे सगळे उशिरानेच येतात’ हे कारण पुरत नाही. इथल्या आज्या दुपारी एकलाच हजर असतात.

ज्यांच्यावाचून हे होत नाही ते: पहाटे फाटक उघडणारे पहारेकरी दोन, बाजारात पिकअप नेणारे तिसरीतल्या जुळ्यांचे वडील, मोलेचं पातेलं आणणारी वाहाका राज्यातली आजी, तीस लिटरचं भांडं दरवर्षी उसनं देणाऱ्या तामाले (मक्याच्या पिठाचे वाफवलेले मुटके) विकणाऱ्या बाया, तार उधारीवर देणारे हार्डवेअरवाले, पताका कातरून घेणाऱ्या चौथीच्या बाई, ढवळायला उभ्या राहणाऱ्या आपल्या दोन आया, माइक सांभाळणारे संगीताचे सर, मेणाचे डाग खरवडणाऱ्या सफाईच्या दोघी. आणि पाण्याचा पेला रोज भरणारी सहावीतली मुलं. ती राहिलीच असती.

आवरताना फुलं फेकू नका. कुंड्यांतल्या बुटक्या संकरित झाडांच्या बियांचा भरवसा नसतो, पण उंच गावठी फुलं सावलीत वाळवून बी पाकिटात ठेवता येतं. कार्यालयातल्या कपाटात असं एक पाकीट आहे. जूनच्या शेवटी ते पेरायला दोन माणसं हवी आहेत.