आयझॅक वॉल्टनचं मृत्युपत्र: लिप्यंतर संपलं, आता अंगठ्यांची यादी

मंडळी, लिप्यंतर एकदाचं पुरं झालं. आयझॅक वॉल्टनच्या मृत्युपत्राचा ‘देवाच्या नावाने, आमेन’पासून सहीपर्यंतचा सगळा मजकूर ओळीओळीने उतरवून झालाय. थोडे अडलेले शब्द चौकटी कंसात ठेवलेत, त्यांच्यावर नंतर डोकं लावू. आता पुढचं काम, म्हणजे माणसं आणि जमिनी ओळखून काढणं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. वॉल्टन (१५९३–१६८३) जगाला ठाऊक आहे तो गळाने मासे धरण्यावर पुस्तक लिहिणारा शांत म्हातारा म्हणून. ते पुस्तक १६५३ साली निघालं आणि त्याच्या हयातीतच त्याच्या पाच आवृत्त्या झाल्या. मला मासेमारीत गम्य नाही, त्यामुळे त्या वॉल्टनपाशी मी फारसा रमलो नाही. मला ओढ आहे ती चर्चच्या कारभारात मुरलेल्या वॉल्टनची. मृत्युपत्र वाचल्यावर तर माझं मत पक्कंच झालंय: हा कागद कुण्या निवांत मासेमाराने नव्हे, कसलेल्या कारभाऱ्याने लिहिलाय.

त्याची वाटचाल बघा. स्टॅफर्ड गावात जन्म. वडील दारूचा गुत्ता चालवायचे, ते गेले तेव्हा पोरगं चार वर्षांचंही नव्हतं. पुढे तो लंडनला आला, १६१८ साली लोखंडवाल्यांच्या संघात दाखल झाला, पण धंदा केला कापडाचा, फ्लीट स्ट्रीटच्या परिसरात. तिथलं त्याचं पॅरिश चर्च म्हणजे सेंट डन्स्टन-इन-द-वेस्ट (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती, तिचा स्थानिक कारभारही तिथूनच चाले). १६२४ ते १६३१ तिथे कवी जॉन डन धर्मगुरू होता, आणि या दुकानदाराची त्याच्याशी चांगलीच गट्टी जमली. त्याच पॅरिशमध्ये वॉल्टनने हळूहळू एकेक जबाबदारी अंगावर घेतली. रस्त्यांच्या सफाईवर देखरेख, मग गरिबांच्या मदतीचं काम, मग व्हेस्ट्रीचं, म्हणजे पॅरिशचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचं सभासदत्व. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशला गरिबांसाठी पट्टी गोळा करावी लागे आणि गरिबांच्या पोरांना एखाद्या कारागिराकडे शिकाऊ म्हणून ठेवावं लागे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धाच्या काळात त्याने लंडनचा तो भाग सोडला. तो राजाच्या बाजूचा होता. १६५१ साली वुस्टरची लढाई हरल्यावर राजाचं एक रत्नजडित पदक लपतछपत हातोहात फिरत होतं, ते लंडनला नेऊन पोचवणाऱ्यांत वॉल्टनही होता. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी असली जोखीम! १६६० साली राजा परतला, बिशप परतले, आणि वॉल्टन बिशप जॉर्ज मॉर्ली यांचा कारभारी झाला. आधी वुस्टरला, मग १६६२ पासून विंचेस्टरला. त्याच वर्षी वुस्टरला असताना त्याची दुसरी बायको ॲन गेली. पहिली, रेचेल, १६४० सालीच गेली होती, आणि तिची सातही मुलं दगावली होती. ॲनची दोन मुलं मात्र जगली. मुलगी ॲन विंचेस्टर कॅथीड्रलमधल्या डॉ. विल्यम हॉकिन्सना दिली, आणि मुलगा, त्याचंही नाव आयझॅक, सॉल्झबरी कॅथीड्रलचा कॅनन, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंपैकी एक, झाला. मेव्हणा थॉमस केन पुढे १६८५ साली बिशप झाला. गुत्तेवाल्याचं पोर अखेरीस जिकडेतिकडे धर्माधिकाऱ्यांनी वेढलेलं.

आता मूळ कागदाकडे. तारीख ९ ऑगस्ट १६८३, आणि हस्ताक्षर त्याचं स्वतःचं. मी आज वयाच्या नव्वदाव्या वर्षात आहे, बुद्धी शाबूत आहे, देवाची कृपा. पण हे दोन्ही कधीही हातचं जाऊ शकतं, म्हणून लिहितो, अशा अर्थाची सुरुवात. त्याचा जन्मदिवस म्हणून सगळीकडे ९ ऑगस्ट छापतात तो याच ओळीच्या भरवशावर. बाप्तिस्म्याची नोंद २१ सप्टेंबर १५९३ ची आहे. काटेकोर मोजलं तर त्या दिवशी नव्वदावं संपलेलं असणार. पण एवढ्या वयाच्या माणसाशी एका वर्षावरून कोण हुज्जत घालणार?

आपल्यातले बरेच जण मोडीकडून इकडे आलेत, त्यांना हे वळण जड जाणार नाही. शतकाच्या सुरुवातीच्या वकिली लपेटीपेक्षा हे बरंच मोकळं आहे. खरी गंमत संक्षेपांत: एक अक्षर लिहून बाकीची बारीक करून वर चढवलेली, ‘एफ’सारखा दिसणारा लांब ‘एस’, आणि ‘द’ या शब्दासाठी ‘वाय’सारखं दिसणारं जुनं अक्षर. शब्दांची रूपं एकाच पानावर दोनदा बदलतात. माझी पद्धत जुनीच: आधी खात्रीच्या शब्दांवरून अक्षरांचा तक्ता करायचा, मग अडलेला शब्द त्या तक्त्यावर ताडून बघायचा, आणि तरी नाही लागला तर मोठ्याने वाचायचा. जुनं इंग्रजी कानाने लवकर कळतं.

सुरुवातीलाच तो आपली श्रद्धा जाहीर करतो. इंग्लंडच्या चर्चची जी शिकवण तीच आपली, असं सांगतो. आणि हे मुद्दाम सांगतोय, कारण रोमन चर्चच्या काही लोकांशी आपली फार जुनी आणि खरी मैत्री आहे. १६८३ सालच्या इंग्लंडमध्ये, कॅथलिकांविरुद्धचं वातावरण तापलेलं असताना, बिशपच्या माणसाने हे वाक्य लिहिलंय! मैत्री लपवली नाही आणि गैरसमजालाही जागा ठेवली नाही. इतका जपून टाकलेला शब्द आयुष्यभर कागदपत्रं हाताळलेल्या माणसाचाच असतो.

मग मालमत्ता. लंडनच्या पेटरनॉस्टर रो मधल्या घर-दुकानातला हिस्सा आणि चान्सरी लेनमधलं घर, हे मुलगी-जावयाला. नॉरिंग्टनच्या शेताचा भाडेपट्टा मुलाला. यातला पेटरनॉस्टर रो चा पट्टा लंडनच्या बिशपकडून घेतलेला, नॉरिंग्टनचा विंचेस्टरच्या बिशपकडून. म्हणजे म्हातारपणाची बरीचशी पुंजी चर्चच्याच जमिनींवर उभी होती. लंडनच्या दोन्ही पट्ट्यांची मुदत किती उरली तेही त्याने नोंदवलंय: एकाची सुमारे पन्नास वर्षं, एकाची सुमारे सोळा.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो स्टॅफर्डजवळच्या, शॅलोफर्डच्या शेताच्या कलमावर. ते जातं मुलाला, पण अट आहे. एक्केचाळीस वर्षांचा होईपर्यंत मुलाने लग्न केलं नाही, किंवा लग्न होऊन त्याआधीच तो मुलगा मागे न ठेवता वारला, तर शेत स्टॅफर्ड नगराला. आणि मग नगराने काय करायचं? दरवर्षी दहा पौंडांत गरीब पण प्रामाणिक आईबापांची दोन मुलं कारागिरांकडे शिकायला ठेवायची. पाच पौंड एखाद्या मोलकरणीला, जी एकवीस वर्षांची झालीय आणि एकाच घरी बराच काळ राबलीय, किंवा तेवढ्याच वयाच्या गरिबाच्या लेकीला, लग्नाच्या दिवशी द्यायचे. उरलेल्या पैशांतून गरजूंना कोळसा. तो कधी वाटायचा तेही सांगितलंय, जानेवारीच्या शेवटच्या नाहीतर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, कारण गरिबांना तेच दिवस सगळ्यात कठीण जातात असं मला वाटतं, असं कारण देऊन.

इथे मला तो व्हेस्ट्रीतला माणूस स्पष्ट दिसला. शिकाऊ पोरं, गरिबांना मदत, ही सगळी कामं त्याने लंडनमध्ये स्वतः केलेली. त्याला माहीत होतं की दानाची रक्कम नुसती ठेवून भागत नाही. वाटणारी माणसं कोण, ती वाटतील का, हेही बघावं लागतं. म्हणून मेयर आणि भाडं गोळा करणाऱ्यांसाठी वर्षाला वीस शिलिंग, म्हणजे एक पौंड, खर्चाला ठेवलेत. म्हणजे फुकट राबा म्हणत नाही. आणि स्टॅफर्डकरांनी हयगय किंवा लबाडी केली तर सगळं उत्पन्न शेजारच्या एकल्शल गावाला! शेजारचं गाव टपून बसलंय म्हटल्यावर कुठली नगरपालिका हिशेब चोख ठेवणार नाही?

मुलगा सप्टेंबर १६९२ मध्ये एक्केचाळीसचा झाला, तो अविवाहितच. १७१९ साली वारला तोही ब्रह्मचारी. शेत स्टॅफर्डकडे गेलं. तिथली वॉल्टनची झोपडीवजा वास्तू आज संग्रहालय आहे. शेजारून आगगाडी जायची, तिच्या ठिणग्यांनी गवती छपराने १९२७ आणि १९३८ अशी दोनदा पेट घेतला, तरी ती टिकली.

किरकोळ वस्तूंतही असाच विचार दिसतो. जावयाला डनची प्रवचनं, जी आपण स्वतः ऐकली आणि समाधानाने वाचली. मुलाला आणि मुलीला प्युरिटन धर्मोपदेशक सिब्ज याचं एकेक पुस्तक, नीट वाचा या सांगण्यासकट. फार्नहॅमच्या किल्ल्यात, म्हणजे बिशपच्या वाड्यात ठेवलेली पुस्तकं मुलाला. आणि पलंगाच्या उशाशी असलेलं छोटं कपाट, ज्यातल्या चिजांना फारशी किंमत नाही पण मुलाला मोल वाटेल, तेही त्यालाच. जुना प्रकाशक मित्र रिचर्ड मॅरियट याला दहा पौंड, मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत. त्याला गरज पडली आणि मुलाला झेपलं तर मुलाने त्याच्याशी मायेने वागावं, अशी पुस्तीही.

आता अंगठ्या. आठवण म्हणून आप्तमित्रांना मृत्युपत्रातून अंगठ्या द्यायची प्रथा त्या काळी सर्रास होती, पण इथली यादी मोठी आहे, वीसेक नावं. केन घराण्यातले सोयरे, सॉल्झबरीचे बिशप, त्यांचा सेवक, आणि स्टॅफर्डशायरचा कवीमित्र चार्ल्स कॉटन. प्रत्येक अंगठी तेरा शिलिंग चार पेन्सची, म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश, आणि चाळीस दिवसांत पोचती करायची. वीस धरल्या तरी तेरा पौंडांच्या वर खर्च. मोलकरणीच्या लग्नाचे पाच पौंड याच्या शेजारी ठेवून बघा. कोरायचा मजकूरही तीन प्रकारचा: घरच्यांसाठी ‘माझ्या आठवणीवर प्रेम करा’, मित्रांसाठी ‘मित्राचा निरोप’, आणि बिशप मॉर्लींसाठी ‘लाखाच्या बदल्यात कवडी’. शेवटचा कोणी खुशामत म्हणेल. मला तो वीस वर्षं ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या ऋणाचा हिशेब वाटतो.

२४ ऑक्टोबरला सही-शिक्का झाला. शिक्क्यासाठी वापरलेली मुद्रा डनने दिलेली, जहाजाच्या नांगरावर क्रूसावरचा ख्रिस्त. पन्नासेक वर्षं त्याने ती जपली होती. १५ डिसेंबर १६८३ ला तो विंचेस्टरला जावयाच्या घरी वारला. त्या हिवाळ्यात लंडनमध्ये टेम्स नदी गोठून तिच्यावर बाजार भरला होता, म्हणजे कोळशाच्या कलमातले ‘कठीण दिवस’ काही कल्पनेतले नव्हते. दफन मरणाच्या जागेजवळ, खाजगीत, बडेजाव आणि खर्च न करता व्हावं, ही इच्छा होती. झालं ते विंचेस्टर कॅथीड्रलमध्ये, काळ्या संगमरवराखाली. नावामागे ‘मिस्टर’ कोरलंय, आणि ते तेव्हा सभ्य गृहस्थालाच लागे.

पुढचं काम: अंगठीच्या यादीतलं प्रत्येक नाव कोण, त्याचं वॉल्टनशी नातं काय, आणि चर्चशी संबंधित किती, असा तक्ता करतोय. केन घराणं आणि दोन्ही बिशप झाले. यानंतर मुलगा आयझॅक याचं मृत्युपत्र वाचायला घ्यायचा विचार आहे. उशाच्या कपाटातल्या चिजा पुढे कुठे गेल्या याचा माग तिथे लागतो का बघू. पॅरिशच्या नोंदवह्यांची सवय असलेलं कोणी असेल तर सेंट डन्स्टनकडची बाजू उचला, मी विंचेस्टर आणि सॉल्झबरी बघतो.