तुम्ही विचारलंत म्हणून: ‘बघा एकदा’

“मॅडम, ती जीन टेस्ट बरोबर की चूक?” हल्ली बोनाफाईड न्यायला आलेले पालकसुद्धा हे विचारतात. मी क्रीडाशिक्षिका, मुलींना आठशे मीटर शिकवते, म्हणून मला ठाऊक असणार असा सगळ्यांचा समज. तर एकदाच सांगून टाकते.

जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने १ सप्टेंबर २०२५ पासून नियम केलाय: मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत महिला गटातून धावायचं, तर आयुष्यात एकदा एसआरवाय जनुकाची तपासणी. गालाच्या आत बोळा फिरवतात किंवा रक्त घेतात. हे जनुक साधारणपणे वाय गुणसूत्रावर, म्हणजे पुरुषांकडे असणाऱ्या गुणसूत्रावर असतं; ते सापडलं तर सहसा महिला गटातून धावता येत नाही.

महिलांचा गट वेगळा ठेवायचा तर कुठेतरी रेषा आखावीच लागते, हे मला मान्य आहे. चेकोस्लोव्हाकियाच्या यार्मिला क्रातोखविलोवाने १९८३ मध्ये आठशे मीटर १:५३.२८ मध्ये मारली. पुढची चाळीस वर्षं ती वेळ एकाही बाईला गाठता आली नाही. पण परदेशातली कितीतरी शाळकरी मुलं तेवढ्या वेळात पोचतात. वयात येताना मुलाच्या अंगात जो फरक पडतो, तो सरावाने भरून निघत नाही. मैदानावर रोज उभं राहणाऱ्याला हे समजवावं लागत नाही.

पण विचारणाऱ्यांचं एवढ्यावर समाधान होतं, आणि माझी गाडी तिथेच अडते.

तीन वर्षांपूर्वीची जिल्हा स्पर्धा. चुन्याची फक्की मारलेला ट्रॅक, दुपारचं ऊन. माझी एक मुलगी १७ वर्षांखालच्या आठशेत शेवटच्या वळणावर सगळ्यांना मागे टाकून पहिली आली. ऊसतोड कामगारांची पोर, खांदे रुंद, उवा झाल्या म्हणून आईने केस बारीक कापलेले. दुसऱ्या आलेल्या मुलीचे वडील थेट टेबलापाशी आले. “अहो मॅडम, ही नक्की पोरगीच आहे ना? बघा एकदा.”

आमच्याकडे हरकत येते ती वयाची. जन्मदाखला दाखवायचा, फारच ताणलं तर मनगटाचा एक्स-रे. या हरकतीला काय दाखवू? आणि ‘बघा’ म्हणजे नक्की काय बघू? मी त्यांना हाकललं. पोर चार हातांवर पाणी पीत होती, तिने सगळं ऐकलं.

हे ‘बघा एकदा’ त्या गृहस्थांनी शोधून काढलेलं नाही. १९६६ मध्ये बुडापेस्टच्या युरोपियन स्पर्धेत महिला खेळाडूंना डॉक्टरांसमोर विवस्त्र उभं केलं होतं. पुढे गुणसूत्रांच्या चाचण्या आल्या, त्याही १९९९ मध्ये ऑलिंपिक समितीने थांबवल्या. तरी संशय आला की तपासायचं, हे राहिलंच. तमिळनाडूची शांती सौंदरराजन, वीटभट्टीवरच्या मजुरांची मुलगी. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तिने आठशेत रौप्य मिळवलं. मग लिंगचाचणी झाली, पदक काढून घेतलं आणि बातमी जगभर गेली. तिने काहीही लपवलं नव्हतं, उत्तेजक घेतलं नव्हतं. नंतर तिलाही वीटभट्टीवर काम करावं लागलं. ओडिशाची धावपटू द्युती चंद २०१४ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर वगळली गेली, कारण तिच्या अंगात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मुळातच नियमातल्या मर्यादेपेक्षा जास्त होतं. ती लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेली, २०१५ मध्ये त्या नियमाला स्थगिती मिळवली आणि रिओ ऑलिंपिकला शंभर मीटर धावली. (उत्तेजकांची बंदी तिच्यावर बऱ्याच नंतर आली, ते प्रकरण वेगळं.)

आता सगळ्यांचीच तपासणी होणार, एकीलाच बाजूला काढणार नाहीत, हे त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. पण निकाल आधी त्या मुलीला आणि तिच्या डॉक्टरला कळायला हवा. पेपरला कळायची गरजच काय?

संधीचं विचाराल, तर १९२८ मध्ये अॅमस्टरडॅमला बायका आठशे धावल्या, काही जणी दमून बसल्या, आणि बाईला हे झेपत नाही म्हणून ती शर्यत १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून गायब. महिलांची स्टीपलचेस (अडथळे आणि पाणी ओलांडत धावायची शर्यत) तर थेट २००८ ला आली. त्यानंतर आठच वर्षांनी साताऱ्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओत तिच्या फायनलला होती. माझ्या मुलींची अडचण याहून साधी आहे: मैदानावर बाथरूम नाही आणि अंधारायच्या आत घरी पोचायचं. त्याबद्दल मला कुणी विचारत नाही.

ती मुलगी अजून धावते. त्या दिवसानंतर तिने केस वाढवले, आणि कानात लोंबते झुमके घालून यायला लागली. यंदा विभागीय स्पर्धेत लाइनवर जायच्या आधी म्हटलं, “काढ गं ते, मानेला आपटतायत.”

“राहू दे ना मॅडम.”

मी पिशवीतून चिकटपट्टी काढली आणि दोन्ही झुमके मानेला नीट चिकटवून दिले.