ऑफ तास आणि खांडववन

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी समितीचा फोन आला तेव्हा शाळेविषयी लिहायचं ठरवलं होतं. बसले आणि सरच पुढे आले. कोणते सर, हे आपल्या शाळेच्या माणसाला सांगायला नको. मराठीचे, काखेत कायम ग्रंथसंग्रहालयाचं पुस्तक. वि. ल. भाव्यांनी १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं, याचा सरांना घरच्या कार्यासारखा अभिमान होता.

१९८६ चा पावसाळा, आम्ही नववीत. गणिताच्या बाई गाडीत अडकल्या म्हणून ऑफ तासावर सर आले. त्यांनी इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’मधला ‘मयसभा’ हा लेख काढला. खांडववन आम्हाला ठाऊक होतं: अग्नीला भूक लागली, कृष्णार्जुनांनी वन जाळून त्याला तृप्त केलं, अर्जुनाला गांडीव मिळालं. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या. त्यांचं लक्ष गांडीवाकडे नाही, जळणाऱ्यांकडे. पळू बघणारा प्रत्येक जीव मारला गेला. वाचले ते तक्षकाचा मुलगा अश्वसेन, शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं आणि असुरांचा शिल्पकार मय. हे सगळं महाभारतातच आहे, कुणी लपवलेलं नाही. आम्हीच तिकडून कधी पाहिलं नव्हतं.

सर दर दोन वाक्यांनी थांबायचे. ‘‘पटतंय का? नसेल तर बोला.’’ एक मुलगी चिडून म्हणाली, ‘‘कृष्ण असं कसं करेल?’’ सर खूश. मग मागच्या बाकावरून घणसोलीचा एक मुलगा उठला. कळव्याहून बस बदलून यायचा, वर्गात फारसा बोलायचा नाही. म्हणाला, ‘‘सर, मयानं पांडवांना सभा बांधून दिली. त्याला स्वतःला राहायला जागा मिळाली का?’’

वर्ग हसला. सर हसले नाहीत. नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, १९७० साली आली, नव्या शहरासाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, त्यात त्याच्या घरची शेतीही होती. या जमिनींसाठी जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनातल्या गोळीबाराला जेमतेम अडीच वर्षं झाली होती. सरांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं आणि म्हणाले, ‘‘हे बाईंनी लिहिलेलं नाही. तू लिही.’’ घंटा झाली तरी कुणी डबा उघडला नाही.

त्यानंतर मला या जातीच्या लेखांचं वेडच लागलं. गोष्ट आपल्याला पाठ असते, लेखक फक्त उभं राहायची जागा बदलतो आणि रात्री झोप लागत नाही. सरांनी दुर्गाबाई भागवतांचं ‘व्यासपर्व’ही हातात दिलं. इरावतीबाईंच्या आधी पाच वर्षं, १९६२ चं. तेच महाभारत, पण डोळा साहित्याचा. ‘‘दोघींना समोरासमोर बसवा आणि मध्ये पडू नका,’’ म्हणाले. नांदेडचे विचारवंत नरहर कुरुंदकर त्यांनी दहावीनंतर वाचायला लावले. ते वाचताना माझी बरीच लाडकी मतं मोडीत निघाली. आमच्या घरात शिवाजी महाराजांवरून वाद सुरू झाले, ते अजून चालू आहेत.

आज मी बेलापूरला नगररचनेचं काम करते. जमिनी गेलेल्यांना परत द्यायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांच्या फायली टेबलावर येतात, तेव्हा नकाशाआधी सातबारावरची नावं वाचते. कनिष्ठ सहकाऱ्यांना ‘मयसभा’ची झेरॉक्स देते. काही जण वाचतात, काही जण टेंडरखाली दाबून ठेवतात. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात माझा पहिला लेख आला, खाडीकाठच्या गावठाणांवर. सर असते तर तांबड्या पेनाने अर्धी विशेषणं उडवली असती.

मध्यंतरी शाळेत आले होते. पुस्तकांच्या कपाटांच्या जागी आता डिजिटल वर्ग आहे. छान आहे, थंडगार आहे. कपाटं जिन्याखाली गेली आहेत, किल्ली कुणाकडे ते शिपायालाही सांगता आलं नाही. ऑफ तासाला मुलं सराव प्रश्नपत्रिका सोडवत होती. समितीने देणगीचा आकडा विचारला होता. देते, पण आधी ती किल्ली शोधा.