पट्टा थांबला, बॅग आलीच नाही

कोपनहेगनच्या विमानतळावर सामानाचा पट्टा थांबला तेव्हा त्यावर लहान बाळाची एक दुमडलेली गाडी तेवढी उरली होती. ताईची बॅग पहिल्या पाच-सहांतच आली होती. माझी नाही. "अगं, येईल, थांब जरा," ताई म्हणाली. पण पट्ट्यावरची पाटी बदलून तिथे पुढच्या विमानाचं नाव झळकलं, तेव्हा तीही गप्प झाली.

चूक माझीच. मध्ये विमान बदलायला ५५ मिनिटं होती आणि तिकीट काढताना मला त्याचं कौतुक वाटलं होतं, की बघा, कसा वेळ वाचवला! पहिलं विमान उशिरा उतरलं. आम्ही दोघी धावत सुटलो आणि दार बंद होता होता आत शिरलो. बॅगेला काही धावता येत नव्हतं.

मी इतकी वैतागले होते की आधी हॉटेलवर जाऊ, तिथून फोन करू, असं म्हणत बाहेरच्या दाराकडे निघालेही. ताईने हात धरला. नोकरीमुळे तिचा प्रवास बराच होतो. "बाहेर पाऊल टाकलंस की परत आत येता येणार नाही. कागद इथेच करायचा." तो कागद म्हणजे पीआयआर, बॅग मिळाली नसल्याची रीतसर नोंद. ती नसेल तर पुढे विमान कंपनीही दाद देत नाही आणि विमावालेही.

काउंटरवरच्या बाईंनी माझ्यासमोर बॅगांच्या चित्रांचा एक तक्ता सरकवला. कडक कवचाची की कापडी? चाकं दोन की चार? रंग? मी ठामपणे "काळा" म्हणाले. त्या हसल्या, काळ्या बॅगा त्या दिवसाला किती ऐकत असतील कोण जाणे. "उघडल्यावर सगळ्यात वर काय दिसेल?" इथे माझी दांडी गुल. बॅग मीच भरली होती, पण आठवेना. शेवटी ताईने निघताना काढलेला सेल्फी सापडला. मागे कोपऱ्यात माझी बॅग उभी, आणि ती काळी नव्हतीच, गडद निळी होती! चेक-इनला मिळालेला स्टिकर मात्र बोर्डिंग पासच्या मागे शाबूत होता. त्यावरचा दहा आकडी क्रमांक टाकल्यावरच शोध खरा सुरू झाला. मला एक संदर्भ क्रमांक मिळाला: आधी विमानतळाची तीन अक्षरं, मग कंपनीची दोन, पुढे पाच आकडे.

त्यांनी राहण्याचा पत्ता विचारला तेव्हा मी एकाच हॉटेलचा देणार होते. ताईने तारखांसकट दोन्ही पत्ते लिहायला लावले, कारण तिसऱ्या दिवशी आम्ही ओडेन्सला जाणार होतो.

जाड कोट बॅगेत होता आणि महिना होता नोव्हेंबर. त्या संध्याकाळी (तिथे नोव्हेंबरात चारच्या सुमारास अंधारायला लागतं, हेही मी आधी पाहिलं नव्हतं) एक जॅकेट, मोजे, आतले कपडे आणि टूथब्रश घेतला. ताई प्रत्येक पावतीचा लगेच फोटो काढत होती. थर्मल कागदावरची अक्षरं दोन महिन्यांत उडतात, हे तिचं अनुभवाचं ज्ञान.

दुसऱ्या दिवशी सकाळी तडक जलपरीच्या पुतळ्याकडे. कोपनहेगन म्हटलं की तिचाच फोटो डोळ्यांसमोर येतो. पाऊण तास वारा खात चालल्यावर किनाऱ्यालगतच्या दगडावर बसलेली ती दिसली. उंची १.२५ मीटर. माझ्या कमरेपेक्षा थोडी वर. समोर पाण्यापलीकडे कारखान्यांसारख्या इमारती, ज्या कुठल्याच फोटोत नसतात. "एवढीच?" मी मोठ्याने म्हणाले. १९१३ साली बसवलेल्या या बिचारीचं डोकं दोनदा कापून नेलंय, १९६४ आणि १९९८ मध्ये, हे वाचल्यावर राग जरा ओसरला. शिवाय २०१० मध्ये ती शांघायच्या प्रदर्शनाला गेली होती, त्या काळात लोकांना इथे तिच्याऐवजी व्हिडिओचा पडदा पाहावा लागला. त्यांच्यापेक्षा आम्ही बऱ्या.

तिवोलीने मात्र खरी निराशा केली, म्हणजे मीच करून घेतली. १८४३ पासूनची ती बाग. दिव्यांनी उजळलेले फोटो पाहून मी अख्खी संध्याकाळ राखून ठेवली होती. फाटक बंद! हॅलोविनचा हंगाम संपलेला, नाताळचा सुरू व्हायला काही दिवस बाकी, आणि आम्ही नेमक्या त्या मधल्या फटीत पोचलो होतो. बागेच्या वेबसाइटवर तारखा स्पष्ट होत्या. मी फोटो तीनशे पाहिले, तारखांचं पान एकदाही नाही.

चौथ्या दिवशी ओडेन्सच्या हॉटेलच्या स्वागतकक्षात निळी बॅग उभी होती. उघडली, तर सगळ्यात वर छत्री.

आता पैशांचं. बॅग मिळाली म्हणजे संपलं असं मला वाटत होतं, पण उशिरा आलेल्या सामानाची तक्रार, ते हातात पडल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी करावी लागते. सामान मोडलं-फाटलं असेल तर सातच दिवस. हे विमानप्रवासाबद्दलच्या १९९९ च्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारात आहे. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. ही कमाल मर्यादा झाली. तेवढे पैसे आपोआप मिळत नाहीत. जेवढा खर्च दाखवाल, तेवढ्यावर बोलणं.

मी पीआयआर, बोर्डिंग पास, सामानाचा स्टिकर आणि पावत्या एकाच पीडीएफमध्ये जोडून पाठवल्या. पहिलं उत्तर आलं: दिलगिरी, आणि पुढच्या प्रवासासाठी सवलतीचं कूपन. ते घेतलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. मी दोन ओळींत कळवलं, की कूपन नको, कराराच्या १९ व्या कलमाप्रमाणे झालेला खर्च द्या. त्यानंतर पाच आठवडे शांतता, दोन स्मरणपत्रं, आणि मग पैसे जमा. जॅकेटचे मात्र निम्मेच दिले, कारण ते माझ्याकडेच राहिलं म्हणे. यावर भांडायचा मला कंटाळा आला, आणि खरं सांगायचं तर जॅकेट छान आहे.

पुढच्या सहलीचं तिकीट परवा काढलं. मध्ये तीन तासांचा थांबा आहे. ताई म्हणाली, "तिथे करणार काय एवढा वेळ?" मी तिला आमच्या जायच्या आठवड्यात उघड्या असलेल्या जागांची यादी पाठवली, आणि खाली बॅगेचा फोटो, उघडी असतानाचा.