टब वाजवून घेतला

बाथरूमचं काम काढलं तेव्हा टब डोक्यातही नव्हता. लीकेज होतं, खालच्या काकूंच्या छताला ओल आली होती, तेवढं निस्तरायचं होतं. पण एकदा फरशी फोडली की माणूस बहकतोच. कंबर, थंडीतले गुडघे अशी सगळी कारणं गोळा करून मी घरात जाहीर केलं की शॉवरच्या कोपऱ्यात पाच फुटी टब बसतो. नवरा म्हणाला, नळाला पाणी किती वेळ असतं माहितीये ना? माहितीये हो. रविवारीच भरेन.

मला वाटायचं टब म्हणजे टब, रंग निवडला की झालं. दुकानात गेले तर कास्ट आयर्न, स्टील, फायबर, ॲक्रिलिक असले प्रकार, आणि मी आपली सवयीने एकेक टब बोटांनी वाजवून बघायला लागले, माठ घेताना बघतो ना तसा. सेल्समन बघतच राहिला. पण खरं सांगते, निम्मं तिथंच कळतं. एनॅमलवाला स्टीलचा टब डब्यासारखा वाजतो, त्यात नळ सोडला की पत्र्यावर पाऊस. स्वस्तातलं फायबर पोकळ वाजतं, मधे अंगठ्याने दाबलं तर चक्क दबलं, वर त्याचा चकचकीत थर काही वर्षांत पिवळा पडतो ते वेगळंच. कास्ट आयर्न मात्र गप्प. काय तो घट्टपणा! एनॅमल म्हणजे लोखंडावर वितळवून बसवलेली काचच, आणि लोखंड एकदा तापलं की पाणी बराच वेळ गरम राहतं. मी तर जवळजवळ पैसे देऊनच आले होते.

पण इंजिनियरने कास्ट आयर्नच्या वजनाचं गणित मांडलं. बाथरूमचा स्लॅब धरताना चौरस मीटरला साधारण 200 किलो वापरातला भार धरतात. टब 150 किलो, पाणी दीडेकशे लिटर म्हणजे तेवढेच किलो, वर मी (आकडा मिळणार नाही), आणि हे सगळं जेमतेम सव्वा चौरस मीटरवर. काकू नुसत्या ओलीवरच चिडल्यात, त्यात मी टबासकट त्यांच्या हॉलमधे उतरायचं म्हणजे फारच झालं.

मग कुणीतरी तांब्याच्या टबाचा फोटो पाठवला आणि मी थेट आजोळच्या न्हाणीघरात. बंबातलं कढत पाणी घंगाळात ओतलं की विसण घालेस्तोवर कडेला हात लावायची सोय नसायची, आणि पाठ चोळून होईपर्यंत तेच पाणी कोमट. तांबं तसंच, पटकन तापतं, पटकन निवतं. आजी ते घंगाळ चिंच-मीठ लावून असं लखलखीत करायची की त्यात तोंड दिसायचं, वाकडं. पाच फुटी घंगाळाला किती किलो चिंच लागेल याचा विचार केला आणि फोटो डिलीट केला.

राहिलं ॲक्रिलिक. प्लास्टिकच की ते, म्हणून मी नाक मुरडत होते, पण चपला काढून दुकानातल्या टबात आडवी झाले (सेल्समनने तोंड फिरवलं, गुणी मुलगा) तर पाठीला गार लागलं नाही, कारण ॲक्रिलिक अंगातली ऊब झटकन ओढून घेत नाही. दोन माणसं जिन्यावरून उचलून आणतात, बारीक ओरखडा पडला तर पॉलिशने निघतो. फक्त शीट जाड हवी, मागे फायबरचं अस्तर नीट हवं आणि बसवताना बुडाखाली सिमेंटचा माल भरून आधार द्यायला हवा, नाहीतर पाय ठेवला की करकरतो. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र लांब ठेवायचं, त्याने ॲक्रिलिक विरघळतं.

बसवला एकदाचा. टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग पडणारच, म्हणून कामाच्या मावशींना आधीच सांगितलं, ह्याला ॲसिड नाही, तारेची घासणी नाही, मऊ फडकं आणि साबण. मावशींनी सगळं ऐकून घेतलं, वाकून टबावर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या पैशात प्लास्टिकच आणलंत होय ताई?"