मावशीचा आयफोन, काकाजींचं विंडोज ७ आणि हरवलेला ऱ : टेस्टिंगची मे महिन्याची नोंद

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की प्लेराइटच्या (साइट ब्राउझरमध्ये आपोआप उघडून तपासणारं टूल) टेस्ट लागल्या, क्रोमियम, फायरफॉक्स, वेबकिट (क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीची इंजिनं) तिन्हीवर हिरवं, म्हणजे पास, आलं, आता साइट पक्की झाली. ते वाक्य परत घेते. तिन्हीकडे हिरवं असतानाच अमरावतीहून मोठ्या मावशीचा फोन आला, "काहून वं, तुह्या त्या कोशात मी कवाची शोधून राह्यली, काईच नाई येऊन राह्यलं."

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात, माझी साइट म्हणजे वऱ्हाडी-नागपुरी शब्दांचा छोटा कोश आहे, पोट्टा (मुलगा), काहून (का), हाव (हो), डोळ्याचं डोया, शाळेचं शाया असे शब्द मी नातेवाइकांकडून गोळा करते आणि ऑफिस सुटल्यावर आणि रविवारी टाकत बसते. साधी एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, गिटहब पेजेसवर ठेवलेली, बिल्ड-बिल्ड काही नाही. शब्द देणारी माणसं बहुतेक पन्नाशी-साठीच्या पुढची आणि त्यांचे फोन, कॉम्प्युटर पोरांनी वापरून दिलेले. ही गोष्ट मला टेस्टची यादी बनवतानाच लक्षात घ्यायला पाहिजे होती.

मावशीकडे आयफोन ६ आहे. या फोनला आयओएस १२ च्या पुढे अपडेटच नाही, म्हणजे त्यात सफारी १२. मावसभावाने तिला क्रोम टाकून दिलं तरी तेच, कारण आपल्याकडे आयफोनवरचा कोणताही ब्राउझर घ्या, आतलं इंजिन अ‍ॅपलचं वेबकिटच असते आणि ते आयओएसबरोबरच जुनं राहते. मग माझ्या वेबकिटच्या टेस्ट हिरव्या कशा? तर प्लेराइट स्वतःबरोबर जे वेबकिट आणते ते ताज्या बिल्डचं असते, सफारीची जुनी आवृत्ती नसते. प्लेराइटच जुनं टाकलं तर वेबकिट जुनं मिळते, पण प्लेराइट आलं २०२० मध्ये, आयओएस १२ त्याच्या आधीचं, so त्या वाटेने तिथपर्यंत पोचताच येत नाही. आणि क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये फोनचं चित्र निवडून बघणारे खूप आहेत (मीही तेच करत होते), त्यात स्क्रीनची रुंदी, यूझर एजंट (ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो ती ओळ) असं वरवरचं बदलते, इंजिन आपल्याच क्रोमचं राहते.

म्हणून पहिल्यांदा क्लाउडवरचा खरा फोन घेतला. ब्राउझरस्टॅक, सॉस लॅब्ज अशा सर्व्हिस आहेत, त्यांच्याकडे खरे फोन रॅकमध्ये लावलेले असतात आणि आपण इकडून ब्राउझरमधून तो फोन चालवतो. ब्राउझरस्टॅक तर आपल्या मुंबईतून २०११ मध्ये सुरू झालेलं, आणि ओपन सोर्स प्रोजेक्टला ते फुकट देतात, ज्यांचा कोड उघडा आहे त्यांनी अर्ज जरूर करावा. मी आधी एका दुसऱ्याच सर्व्हिसची फुकटची मिनिटं घेतली आणि ती ऐन कन्सोल (ब्राउझर चुका दाखवतो ती खिडकी) उघडला तेव्हा संपली, म्हणून आता सेशन सुरू करायच्या आधी काय-काय बघायचं ते कागदावर लिहून ठेवते, कोणतं पान, कोणता शब्द टाइप करायचा, कुठे बोट लावायचं. सात-आठ मिनिटांत काम होते.

तर आयओएस १२ वाला आयफोन उघडला. पान व्यवस्थित आलं, मथळा, रंग, सगळं. शोधायच्या चौकटीत "पोट्टा" टाकलं, कर्सर लुकलुकतोय आणि खाली काहीच नाही, ना शब्द, ना "सापडलं नाही" असा निरोप. कन्सोलमध्ये लाल ओळ होती, सिंटॅक्स एरर, इनव्हॅलिड रेग्युलर एक्सप्रेशन, इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम. ज्यांनी हे बघितलंय त्यांना लगेच कळलं असेल, लुकबिहाइंड, म्हणजे रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये (मजकुरात नमुना शोधायच्या ओळीत) 'याच्या आधी काय असावं-नसावं' ते सांगणारा भाग.

हे मी वापरलं त्याला कारण होतं, ते सांगते, कारण देवनागरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कधीतरी भेटतेच. कोणी "हाव" शोधलं तर फक्त हाव हा शब्द यावा, अर्थाच्या ओळीतल्या "पाहावं", "राहावं" यांच्या पोटातला हाव येऊ नये. इंग्रजीवाले यासाठी रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये शब्दाची सीमा दाखवणारं चिन्ह वापरतात, पण जावास्क्रिप्टमधलं ते चिन्ह फक्त ए टू झेड, आकडे आणि अंडरस्कोर यांनाच अक्षर समजते, आपलं "ह" त्याच्या लेखी अक्षरच नाही. म्हणून मी "याच्या आधी युनिकोडचं अक्षर किंवा मात्रा नसावी" असं लुकबिहाइंडने लिहिलं. क्रोममध्ये ते ६२ पासून चालते. सफारीत आलं ते १६.४ मध्ये, म्हणजे मार्च २०२३. आणि त्याच्या आधीच्या सफारीत ते नुसतं चालत नाही असं नाही, फाइल वाचतानाच एरर येते आणि अख्खी स्क्रिप्ट मरते. एका ओळीमुळे पूर्ण शोध बंद. ऑप्शनल चेनिंग वगैरे नवीन पद्धतीचं लिखाण मी आधीच काढलं होतं, बेबलवाल्यांना (नवा कोड जुन्या ब्राउझरसाठी बदलणारं टूल) ते बेबल बदलूनही देते, पण लुकबिहाइंड ते खाली आणून देत नाही हे लक्षात ठेवा.

आता रेग्युलर एक्सप्रेशनची ती ओळच काढली. मजकूर आधी अक्षर-मात्रा सोडून बाकी सगळ्यावर तोडते आणि मग तुकडा जुळतो का ते बघते. मात्रा विसरू नका बरं, फक्त अक्षरांचा गट धरला तर "पोट्टा" चे तुकडे होतात, कारण काना, मात्रा, हलन्त हे युनिकोडमध्ये अक्षर म्हणून नाही, मार्क म्हणून मोडतात.

त्याच फोनवर दुसरी गोष्ट दिसली, शब्दांच्या खाली जिल्ह्यांच्या पट्ट्या आहेत (अमरावती, अकोला, यवतमाळ, वर्धा, नागपूर), त्या एकमेकींना चिकटलेल्या. फ्लेक्सबॉक्समधलं गॅप, म्हणजे ओळीत मांडलेल्या गोष्टींमधली जागा ठरवणारी सीएसएसची प्रॉपर्टी. सफारीत ते १४.१ पासून आहे. मला वाटलं सपोर्ट्सची अट लावू, गॅप येत असेल तर गॅप, नाही तर मार्जिन. लावली आणि काहीच बदललं नाही, एक पूर्ण संध्याकाळ त्यात गेली. कारण सफारी १२ ला गॅप येते, पण ग्रिडमध्ये (सीएसएसची दुसरी मांडणी), आणि सपोर्ट्स एवढंच विचारते की ही प्रॉपर्टी ओळखतो का, तो म्हणते हाव ओळखतो. फ्लेक्समध्ये चालते का हे विचारायची सोयच नाही. शेवटी सरळ मार्जिन दिलं सगळ्यांना.

हे सगळं नवतप्यात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चाललं होतं, कूलरमध्ये दुपारी दोनदा पाणी टाका आणि मधूनच लाइन जाते. लाइन गेली की हातातलं सेशन जाते, पण गिटहब अ‍ॅक्शन्सवरच्या टेस्ट (त्या गिटहबच्या मशीनवर चालतात) चालूच राहतात, त्यांना आपल्या नागपूरच्या नंदनवनच्या फीडरशी काही घेणंदेणं नाही. रात्रीची टेस्ट बाराला लावली आहे. तिथलं घड्याळ यूटीसीचं असते, so आपले बारा म्हणजे तिथे १८:३०, क्रॉनमध्ये (वेळ ठरवायची ओळ, आधी मिनिट मग तास) ३० १८ असं लिहायचं, मी आधी शून्य-शून्य लिहिलं होतं आणि टेस्ट पहाटे साडेपाचला व्हायची.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी ही नोंद लिहायला घेतली.

नागपुरात महाल भागात आमच्या काकाजींचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथला कॉम्प्युटर विंडोज ७ चा, आणि विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, ते जानेवारी २०२३ चं. क्लाउडवर विंडोज ७ आणि क्रोम १०९ ही जोडी निवडली, शोध चालला, पट्ट्या नीट, सगळं चाललं. बंद करणार तेवढ्यात मथळ्याकडे लक्ष गेलं. "वऱ्हाडी" मधला "ऱ्हा" बाकीच्या अक्षरांपेक्षा बारीक होता, शिरोरेघ किंचित खाली, जणू दुसऱ्याच छापखान्यातून आणून मध्ये बसवलेला. झूम करून बघितलं तर तो मंगल फॉन्ट होता. बाकी मथळा मुक्तामध्ये.

मुक्ता हा 'एक टाइप' या संस्थेचा ओपन फॉन्ट मी साइटवरच ठेवला आहे आणि फाइल लहान व्हावी म्हणून त्यातली लागणारीच अक्षरं कापून घेतली होती. कापताना यादी दिली ती मुळाक्षरांची, शाळेत शिकलो तशी, अ पासून ज्ञ पर्यंत, वर काना-मात्रा आणि हलन्त. मुळाक्षरांत ऱ नसतो. म्हणजे ज्या बोलीचा कोश, तिच्या नावातलंच अक्षर फाइलमध्ये नव्हतं आणि ब्राउझर ते सिस्टीमच्या फॉन्टमधून उचलत होता. माझ्या विंडोज ११ वर निर्मला फॉन्ट येतो, तो मुक्ताशी इतका जुळून जातो की दीड वर्ष दिसलं नाही. निर्मला आला विंडोज ८ पासून, ७ वर मंगलच, म्हणून तिथे उघडं पडलं.

मग प्रश्न पडला की स्क्रीनशॉट जुळवणाऱ्या टेस्टने हे काहून पकडलं नाही. गिटहबच्या लिनक्स मशीनवरचा मूळ स्क्रीनशॉट उघडला, तिथे तर ऱ्हा आणखीच वेगळा, तिथे निर्मला नाही आणि मंगलही नाही, जो सापडला त्या फॉन्टमधून घेतलेला. तोच स्क्रीनशॉट मी पहिल्या दिवशी "बरोबर" म्हणून साठवला होता. टेस्ट रोज रात्री कालच्या चुकीला आजची चूक जुळते का ते बघत होती आणि जुळत होती. तेव्हापासून नियम केला आहे, मूळ स्क्रीनशॉट साठवायच्या आधी दोनशे टक्के मोठा करून मथळा आणि पहिल्या दहा नोंदी डोळ्याने वाचायच्या, अक्षर अन् अक्षर.

फॉन्ट परत कापला, यादीत ऱ टाकला, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) टाकला आणि झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं चिन्ह) पण टाकला. शेवटचे दोन काहून? कारण ऱ्ह लिहायच्या तीन पद्धती फिरतात आणि डोळ्याला तिन्ही सारख्या दिसू शकतात. एक म्हणजे ऱ हे एकच कॅरेक्टर आणि हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, नुक्ता आणि हलन्त. तिसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्याच्यामागे न दिसणारा झेडडब्ल्यूजे. कोण कोणता कीबोर्ड वापरते त्यावर आहे. नॉर्मलाइज करताना (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करताना) युनिकोडची एनएफसी पद्धत वापरली तर पहिल्या दोन एक होतात, तिसरी होत नाही, ती हाताने बदलावी लागते. माझ्या साठ्यातच दोन प्रकार निघाले, काही शब्द मी टाइप केलेले, काही व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललेले. म्हणजे "दुसऱ्या", "कोपऱ्यात", "वऱ्हाड" असं शोधणाऱ्याला अर्धे निकाल मिळत होते आणि त्याला वाटत असेल की कोशच अपुरा आहे. याचं मला खरंच वाईट वाटलं. आता साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करते आणि तिन्ही पद्धतींची एकेक टेस्ट लिहिली आहे.

यादी आता अशी आहे, रोज रात्री प्लेराइटची तीन इंजिनं गिटहबवर, आणि काही बदललं की टाकायच्या आधी, लोकल टनेल (माझ्या कॉम्प्युटरवरची साइट क्लाउडवरच्या मशीनला दाखवणारी वाट) लावून, क्लाउडवर दोनच जागा, आयओएस १२ चा आयफोन आणि विंडोज ७ वर क्रोम १०९. चाळीस ब्राउझरचे स्क्रीनशॉट एका बटणावर मिळतात, पण ते बघणारी मी एकटी आहे, आणि मला शब्द देणारी माणसं या दोन मशीनवर बसली आहेत. विंडोज ७ वर फायरफॉक्स ११५ बघायचं राहिलं आहे, आणि आयओएस १२ वर कीबोर्ड उघडला की शोधाची चौकट त्याच्या मागे जाते, ते जून महिन्यात.

रविवारी मावशीला फोन करून म्हटलं आता बघ. तिने "गंज" शोधलं, सापडलं, दोन मिनिटं काहीच बोलली नाही, वाचत होती. मग म्हणाली, "गंज म्हणजे निस्तं भांडं लिवलं तू. गंज दिवस झाले भेटले नाई, असं नाई म्हणत का आपुन? ते बी टाक." टाकलं.