खंबाटकीचा बोगदा आणि मामाची मर्सिडीज

मामाची मर्सिडीज ई २२० ही १९९६ची. जाणकार या मॉडेलला डब्ल्यू १२४ म्हणतात. मर्सिडीजने १९९५ साली भारतात उत्पादन सुरू केलं ते याच मॉडेलपासून आणि तेव्हा ती जुळवली जायची टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, पिंपरीच्या आवारात. म्हणून मामा तिला 'माहेरवाशीण' म्हणतो. परवाच्या रविवारी ती घेऊन आम्ही पाचगणीला गेलो. बरोबर मामेभावाची पोर्श ७१८ बॉक्स्टर.

एरंडवण्यातून सहाला निघालो. मर्सिडीज माझ्या हातात, शेजारी मामा, मागे आजी, तिची उशी आणि दशम्यांचा डबा. कात्रजचा नवा बोगदा मागे पडला आणि परतीच्या पावसाची सर आली. या गाडीला पुढे वायपर एकच. तो काचेच्या कोपऱ्याकडे जाताना लांब होतो, मधे आला की आखडतो आणि कोपरा पुसूनच परततो. आजी पुढे वाकून बराच वेळ बघत होती. म्हणाली, "कोपरेसुद्धा सोडत नाही रे!"

स्टिअरिंग मधल्या मधे किंचित सैल आहे. इंजिन २.२ लिटरचं, दीडशे अश्वशक्तीचं, त्यामुळे खंबाटकी चढताना घाई केलेली तिला आवडत नाही. पण रस्त्यातला खड्डा टायरपाशीच संपतो, आपल्याला नुसती त्याची वर्दी मिळते. मामा आजोळच्या विहिरीची गोष्ट सांगत होता, ती एकदाही तुटली नाही.

सुरूर फाट्यावरून आत वळून वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं, चहा घेतला आणि तिथे मी मामेभावाशी किल्ल्या बदलल्या.

बॉक्स्टरमध्ये बसणं म्हणजे जवळजवळ रस्त्यावरच बसणं. दोनच सीट, इंजिन पाठीमागे. लिटर दोनच, पण टर्बोमुळे अश्वशक्ती तीनशे. पसरणी घाटाचं पहिलं वळण घेतलं आणि मी गप्प झालो. वळायचं मनात आणावं, तोवर गाडीचं तोंड वळलेलं असतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर मर्सिडीजचं २८०० मिलिमीटर, हिचं २४७५, आणि वजन गाडीच्या मध्याजवळ. ही अंकगणितं मी वर्षानुवर्षं वाचत आलोय, हातांना ती त्या दिवशी कळली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली धोम धरणाचं पाणी की धुकं, पाहायला सवडच नव्हती. मर्सिडीजमधून मी हा घाट कितीदा तरी पाहिलाय, चालवला मात्र पहिल्यांदा. वाटेतला एक गतिरोधक तिरका ओलांडला तरी पोट घासलं आणि काळजात चर्र झालं.

रोज पुण्यात चालवायला मला ही गाडी नको. पसरणीसाठी मात्र हीच हवी, हे मी मामासमोर कबूल केलं. त्याने नुसती मान हलवली.

परतताना ऊन पडलं होतं. बॉक्स्टरचं छत उघडलं, नऊ सेकंद लागतात. पुण्याकडे येताना खंबाटकीला घाट नाही, बोगदा लागतो. आत शिरल्यावर एक गिअर खाली घेतला आणि इंजिनाचा आवाज भिंतींवर आपटून चहूबाजूंनी अंगावर आला. पाठीचा कणा थरारला. बाहेर उजेडात आलो तरी कान वाजत होते.

घरी पोचल्यावर अर्ध्या तासाने मर्सिडीज आली. मी मागचं दार उघडलं. आजी उशीवरून डोकं उचलत म्हणाली, "बोगदा यायचाय ना अजून?"